कॅन धुवायचा की टाकायचा?

(मंडळाच्या सभासदांच्या एका रविवार-संध्याकाळच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलं ते तसंच ठेवलं आहे.)



कार्यकारिणीने मला दिलेला विषय एका ओळीचा आहे. "मंडळाच्या कार्यक्रमांनंतर रिकामे कॅन गोळा करायला दोन स्वयंसेवक लावावेत का?" मागच्या बैठकीत यावर पाऊण तास चर्चा झाली म्हणे. पाऊण तासात त्या कार्यक्रमाचे सगळे कॅन दोनदा गोळा करून झाले असते, पण ते असो. आपण मराठी माणसं, आधी चर्चा!

चर्चेत दोन तट पडले असं कळलं. एका सभासदांचं म्हणणं असं, की आपण आठवडाभर नोकऱ्या करून दमतो, रविवारी नाटकाला येतो, बटाटावडा खातो, आणि वर आता दुसऱ्यांचे उष्टे कॅन धुवायचे? भंगार विकून येणार चार डॉलर. त्यासाठी दोन माणसांचे दोन-दोन तास. हिशेब कुठे बसतो? दुसऱ्या बाजूच्या एका ताईंचं म्हणणं, हिशेब कसला करता, मुलांसमोर काही आदर्श नको का? आणि मी धातुशास्त्र शिकलेली, म्हणून हा प्रश्न माझ्या पदरात टाकण्यात आला.

आधीच सांगते, मला 'वसुंधरा वाचवा' छापाचं भाषण करता येत नाही. मला वजनकाटा कळतो. म्हणून मी काय केलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर शीतपेयाचा एक रिकामा कॅन ठेवला. चौदा ग्रॅम. म्हणजे एका किलोला साधारण सत्तर कॅन. मग तीन आठवडे घरातले कॅन मोजले. मुलांचं हंड्रेड प्लस, पाहुण्यांसाठी आणलेलं काहीबाही, आणि बिअर. (बिअर कुणाची ते विचारायचं नाही.) आठवड्याला सरासरी दहा निघाले. वर्षाचे पाचशेवीस. वजन सव्वासात किलोच्या आसपास.

आता त्या सभासदांच्या बाजूने हिशेब मांडते. भंगाराचा भाव वरखाली होतो, पण किलोला एक डॉलर धरा. वर्षाचे सात डॉलर. हॉकर सेंटरमध्ये एका माणसाचं जेवण आणि वर कोपी, झालं. वेळ किती? कॅन विसळणं, पालथा घालणं, पिशवीत टाकणं, पिशवी खाली नेणं, असं सगळं मिळून एका कॅनला अर्धा मिनिट धरा. वर्षाचे सव्वाचार तास. म्हणजे तासाला सुमारे एक डॉलर सत्तर सेंट मजुरी पडली. एवढ्या पगारावर इथे कुणी कामाला येईल का? तेव्हा घरातल्या पैशाच्या हिशेबात ते सभासद शंभर टक्के बरोबर आहेत. विसळायला पाणी जातं म्हणतात, तो मुद्दा मात्र मी मानत नाही. इथे नळाचं एक लिटर पाणी एका सेंटच्या एक तृतीयांशाला पडतं. कॅनमध्ये दोन घोट पाणी घालून हलवायचं आणि ओतायचं. लख्ख करायला ती काही पूजेची भांडी नाहीत.

पण मंडळी, सात डॉलर हा आकडा नेमकं काय मोजतो? आपल्या पिशवीची बाजारातली किंमत. त्या धातूमागे काय काय खर्ची पडलंय, ते त्यात दिसत नाही. आता मी माझ्या आवडीच्या भागाकडे येते, तेव्हा थोडं सहन करा.

ॲल्युमिनियमला माझी आजी 'जर्मल' म्हणायची. 'जर्मलचं पातेलं.' तिच्या लेखी ते हलकं, गरिबाघरचं भांडं. पितळेला मान, तांब्याला मान, जर्मलला नाही. पण गंमत बघा. १८८४ साली अमेरिकेत वॉशिंग्टन स्मारक पूर्ण झालं, तेव्हा त्याच्या अगदी टोकावर बसवायला जो धातू निवडला तो ॲल्युमिनियम. त्या काळी तो चांदीच्या तोडीचा महाग होता! हा धातू मातीत भरपूर आहे, पण ऑक्सिजनला असा काही घट्ट धरून बसलेला असतो की सोडवता सोडवत नाही. मग १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, अशा विशीतल्या दोन तरुणांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, एकच युक्ती शोधली. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवायचा आणि त्यातून वीज सोडायची. भाव कोसळला आणि चांदीचं जर्मल झालं. आजही जगभर मूळ पद्धत तीच आहे.

यातली मेख आहे वीज. खनिजापासून एक किलो ॲल्युमिनियम काढायला या शेवटच्या पायरीलाच सुमारे चौदा युनिट वीज लागते. जुना कॅन वितळवून पुन्हा धातू करायचा तर एकूण ऊर्जेच्या पाच टक्क्यांत काम भागतं, कारण ऑक्सिजनपासून सोडवायचं भांडण आधीच मिटलेलं असतं. उरतं फक्त वितळवणं, आणि तेही ६६० अंशांवर. म्हणजे चौदा ग्रॅमच्या एका कॅनमागे सुमारे ०.१८ युनिट वीज वाचते. दहा वॉटचा एलईडी दिवा अठरा तास. किंवा आपल्या भाषेत बोलायचं तर बेडरूमचा एसी दहाएक मिनिटं.

दहा मिनिटं एसी! हसू आलं ना? मलाही आलं. पण पाचशेवीस कॅनचे धरले तर पंचाण्णव युनिट होतात. आमच्या फ्लॅटला महिन्याला पावणेचारशे-चारशे युनिट लागतात. म्हणजे वर्षभराच्या कॅनमध्ये आमच्या घराची एका आठवड्याची वीज आहे. सव्वाचार तासांच्या कामात. एसीचं तापमान दोन अंशांनी वर ठेवलं तर यापेक्षा जास्त वाचेल, हे मी कबूल करते. आणि आपण दरवर्षी डिसेंबरात मुंबईला जातो, त्याचं काय? जाऊन-येऊन माणशी साधारण अर्धा टन कार्बन डायऑक्साइड. वर्षाचे कॅन वाचवून फार तर शंभर किलो टळतो. म्हणजे अख्ख्या घराने पाच वर्षं इमानेइतबारे कॅन विसळले की एका माणसाची एक मुंबई वारी फिटते. तेव्हा कॅन धुतला म्हणजे आपण पुण्यवान झालो, असं कुणाला वाटत असेल तर मी त्यांना हा आकडा ऐकवते. आणि कॅनने काय होणार म्हणून कुणी खांदे उडवत असेल तर त्यांना एका आठवड्याच्या विजेचा.

विजेखेरीज एक गोष्ट राहिली, ती आपल्या जास्त जवळची आहे. ही माती येते कुठून? बॉक्साइट म्हटलं की लोकांना ऑस्ट्रेलिया आठवतो, गिनी आठवतो. माझे वडील बेळगावचे. बेळगावचा इंडालचा कारखाना, जो पुढे हिंदाल्कोचा झाला, तिथल्या लोकांना सांगायला नको. त्या कारखान्याला बॉक्साइट पुरवणाऱ्या खाणी कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरीच्या बाजूला दुर्गमानवाडीच्या पठारावर होत्या. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे जे सपाट सडे असतात ना, त्यांच्या पोटात हे बॉक्साइट तयार होतं. वरून बघितलं तर ओसाड खडक. पण पावसाळा सरत आला की त्याच सड्यावर अशी फुलं येतात की बघत राहावं. कासचं पठार तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. तोही सडाच. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या एकोणचाळीस जागा जागतिक वारशात घेतल्या, त्यांत कास आहे आणि राधानगरीचं अभयारण्यही आहे. आता एक टन ॲल्युमिनियमला ढोबळमानाने चार टन बॉक्साइट लागतं. म्हणजे आमच्या घरच्या सव्वासात किलोला एकोणतीस किलो. एका मोठ्या प्रवासी बॅगेएवढं वजन, तेही विमानतळावर जादा सामानाचे पैसे भरायला लावणारं. शिवाय बॉक्साइट धुऊन ॲल्युमिना काढला की मागे लाल गाळ उरतो, दाहक सोडा मिसळलेला. तो साठवायचा कुठे, हा प्रत्येक कारखान्याचा कायमचा प्रश्न. २०१० च्या ऑक्टोबरात हंगेरीत आयकाजवळ अशा गाळाच्या तलावाचा बांध फुटला आणि दहा माणसं गेली.

मी खाणींच्या विरोधात घोषणा देणारी नाही. माझं शिक्षणच त्यावर झालंय, आणि ज्या विमानाने आपण मुंबईला जातो त्यातही ॲल्युमिनियम असतंच. एवढंच म्हणते, की जो धातू एकदा एवढा खटाटोप करून काढला, तो थंड पेयाच्या दहा मिनिटांसाठी वापरून फेकायचा, यात माझ्यातली इंजिनियर आणि माझी आजी दोघी अस्वस्थ होतात. आजीच्या घरी डालड्याचा डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागायची. रॉकेलच्या डब्याचा बंब नाहीतर धान्याची कोठी. पत्र्याची वस्तू फेकायची असते, हेच तिला माहीत नव्हतं.

आता सिंगापूरकडे येऊ, कारण इथली गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती बरेचदा चुकीची सांगितली जाते. आपण मुलांना सांगतो, कॅन कचऱ्यात टाकलास तर तो सेमाकाऊ बेटावर जाऊन पडेल. तसं सरळ होत नाही. आपल्या शूटमधून खाली गेलेला कचरा आधी भट्टीत जातो. इथे जागाच नाही, त्यामुळे १९७९ पासून कचरा जाळून त्यावर वीज करायची पद्धत आहे. जाळल्यावर आकारमान नव्वद टक्क्यांनी कमी होतं. उरलेली राख तुआसहून बोटीने सेमाकाऊला जाते. १९९९ मध्ये सुरू झालेली ती जागा २०३५ च्या आसपास भरेल, असा सरकारचा अंदाज आहे. पण राख बोटीवर चढण्याआधी तिच्यातून धातू काढून घेतात. लोखंड चुंबकाने ओढून घेतात, आणि २०१५ मध्ये तुआसला सुरू झालेल्या कारखान्यात ॲल्युमिनियम, तांबं असे चुंबकाला न चिकटणारे धातूही वेगळे केले जातात.

म्हणजे काय, तर कंडेन्स्ड मिल्कचा, टोमॅटोचा, बिस्किटांचा डबा लोखंडी पत्र्याचा. तो चुकून शूटमध्ये गेला तरी बहुतेक वेळा भट्टीतून बाहेर निघतो आणि भंगारात लागतो. (ओळखायचा कसा? फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. मुलांना हा उद्योग फार आवडतो.) ॲल्युमिनियमची कथा निराळी. भट्टीचं तापमान साडेआठशे अंशांच्या वर, आणि हा वितळतो ६६० ला. त्यात कॅनची भिंत कागदासारखी पातळ. काही भाग वितळून राखेत गोळे होतो, काही भाग जळून पुन्हा ऑक्साइड होतो. म्हणजे ज्या ऑक्सिजनपासून चौदा युनिट वीज खर्चून सोडवून आणला, त्याच्याकडेच परत! जे गोळे मिळतात ते मळकट असतात, त्याचा पुन्हा कॅनचा पत्रा होणं अवघड. तेव्हा ज्यांना एवढंच लक्षात ठेवायचंय त्यांनी हे ठेवा, की लोखंडी डब्याबाबत थोडी हयगय झाली तरी चालेल, पेयाच्या कॅनबाबत नको.

आणि सरकारी आकड्यांत धातूंचं पुनर्वापराचं प्रमाण ९८-९९ टक्के दिसतं, ते बघून कुणी निर्धास्त होऊ नये. त्यात मुख्य वाटा इमारती पाडून निघालेल्या सळयांचा आणि कारखान्यांचा. घरगुती कचऱ्याचं एकूण प्रमाण पाहिलंत तर २०२४ मध्ये ते ११ टक्के होतं. शंभर किलोतले अकरा. २००१ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, प्रत्येक एचडीबी ब्लॉकखाली निळा डबा आहे, २०२३ मध्ये घरांसाठी घडीचे निळे खोके दिले, तरी अकरा.

का? याचं एक कारण तुम्ही त्या निळ्या डब्यात डोकावलात तर दिसेल. बबल टीचे अर्धे भरलेले पेले, नूडल्सचे तेलकट खोके, जुन्या उशा, एकदा तर मला करीचा आख्खा डबा दिसला, झाकणासकट. राष्ट्रीय पर्यावरण संस्थेच्या म्हणण्यानुसार त्या डब्यांतला सुमारे चाळीस टक्के माल पुनर्वापराच्या कामाचाच नसतो. सगळं एकत्र टाकायची सोय दिली, त्यामुळे कागदावर करी सांडते आणि कागदही गेला. कॅनचं तेवढं बरं आहे. करी सांडली तरी धातू तो धातूच. भट्टीत घातला की निर्मळ. म्हणून सगळ्या घरगुती मालात माझा भरवसा सर्वांत जास्त कॅनवर. प्लास्टिकच्या डब्याबद्दल मला हीच खात्री कुणी विचारली, तर मी विषय बदलेन.

आता थोडं विषयांतर, पण अगदीच विषयांतर नव्हे. इथे नव्या आलेल्या मंडळींनी 'कारुंग गुनी' हा शब्द ऐकला असेल. ढकलगाडी घेऊन, भोंगा वाजवत ब्लॉकखाली येणारा भंगारवाला. जुने पेपर, कपडे, पंखे, कॅन, सगळं विकत घेतो. मलायमध्ये कारुंग म्हणजे पोतं. आणि गुनी? आपली गोणी! संस्कृतातली गोणी, आपल्याकडची गोणी, इंग्रजांनी तिचं गनी केलं, इथे ती गुनी झाली. म्हणजे इथला भंगारवाला आपलीच गोणी खांद्यावर टाकून फिरत होता. शब्द उलट दिशेनेही आलेत. भांड्यांना करतो ती कल्हई, हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला आणि अरबांनी तो मलाय द्वीपकल्पातल्या कलाह नावाच्या बंदरावरून घेतला, असं भाषेचे अभ्यासक मानतात, कारण कथील तिथून यायचं. इथलं पुलाऊ ब्रानी हे बेट आठवा, सेंटोसाला जाताना बाजूला दिसतं ते. १८९० पासून कित्येक वर्षं तिथे कथील गाळायची मोठी भट्टी होती, आणि त्या काळी टिनच्या डब्यांना लागणारं जगाचं बरंचसं कथील या बाजूने जायचं. तेव्हा पत्र्याच्या डब्यांचं आणि या गावाचं नातं जुनं आहे.

गोणीवरून मला आमच्या ब्लॉकखालच्या आंटी आठवतात. नाव सांगत नाही. सत्तरी कधीच ओलांडलीय. पहाटे साडेपाचला ढकलगाडी घेऊन निघतात. पुठ्ठे, कॅन. पावसात पुठ्ठा भिजला तर भाव मिळत नाही, म्हणून आकाशाकडे त्यांचं लक्ष आपल्या शेतकऱ्यांसारखं. मला मँडरिन चार शब्द येतं, त्यांना इंग्रजी तेवढंच, त्यामुळे आमचं संभाषण बहुतेक हातवाऱ्यांचं. मी आमचे कॅन निळ्या डब्यात न टाकता पिशवीत घालून जिन्याजवळ त्यांच्यासाठी ठेवते. मी जे वर्षाला सात डॉलर म्हणून हसण्यावारी नेले, ते त्यांच्या हातात पडतात तेव्हा त्यांचा अर्थ बदलतो. त्यांच्यासाठी सत्तर कॅन म्हणजे एक डॉलर, आणि सत्तर कॅन जमवायला किती वाकावं लागतं ते मी खिडकीतून बघते. या देशात अशी माणसं का आहेत, यावर इथे मी बोलणार नाही, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पण 'कॅन गोळा करणं वेळेच्या लायकीचं आहे का' हा प्रश्न त्यांना विचारून बघा. कुणाच्या वेळेच्या, असं त्या विचारतील.

आपल्याकडे हा प्रश्न पुण्यात विचारला गेला. १९९३ साली तिथे कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली, डॉ. बाबा आढावांसारखी माणसं तिच्या पाठीशी होती. नाव बघा किती नेमकं: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. पत्रा नावातच आहे. या बायकांचं म्हणणं असं, की आम्ही भीक मागत नाही, चोरी करत नाही, आम्ही शहराचं काम करतो, तेव्हा आम्हाला कामगार म्हणा, ओळखपत्र द्या. महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं त्यांनी मिळवली, आणि पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. कोथरूड-एरंडवण्यात ज्यांचे आई-वडील राहतात, त्यांच्या दारात येणारी ताई कदाचित याच संस्थेची. रिकामा कॅन पुण्यात सहसा वाया जात नाही. त्याचं श्रेय मशिनांना नाही, त्यांना आहे.

हे मी का सांगतेय, तर इथे नियम बदलले. २०२३ च्या मार्चमध्ये संसदेने कायदा केला, की पेयाच्या कॅनवर आणि प्लास्टिकच्या बाटलीवर दहा सेंट डिपॉझिट लावायचं. १५० मिलिलिटरपासून तीन लिटरपर्यंतचा कुठलाही डबा-बाटली यात आली. सुरुवात १ एप्रिल २०२५ ला व्हायची होती, ती पुढे ढकलून १ एप्रिल २०२६ ठरली. विकत घेताना दहा सेंट जास्त द्यायचे, रिकामा कॅन मशिनमध्ये घातला की परत मिळवायचे. ऐंशी टक्के डबे परत यावेत असं उद्दिष्ट. नवीन काही नाही यात. लहानपणी आपण सोड्याची बाटली वाण्याला परत द्यायचो, तेच. स्वीडनमध्ये कॅनवर डिपॉझिट १९८४ पासून आहे, जर्मनीत २००३ पासून. आपल्यापैकी जे जर्मनीत राहून आलेत त्यांनी बाटल्यांच्या पिशव्या घेऊन सुपरमार्केटच्या मशिनपुढे रांगा लावल्यात.

दहा सेंटांनी सगळा हिशेब उलटतो. भंगारात कॅनची किंमत दीड सेंटसुद्धा नाही, डिपॉझिट त्याच्या सातपट. सत्तर कॅनचे एक डॉलरऐवजी सात. आमच्या घराचे वर्षाचे सात डॉलर नव्हे, बावन्न. आता तासाला बारा डॉलर पडले! ज्या सभासदांनी हिशेब विचारला होता, त्यांना आता स्वतःच गोळा करावेसे वाटतील. आणि नेमकी इथेच मला काळजी वाटते. दीड सेंट होता तोवर कॅन कुणालाच नको होता, म्हणून तो आंटींना मिळत होता. दहा सेंट लागले की जो तो आपापला कॅन जपणार. एका बाजूने आंटींना वाटेत सापडणारा प्रत्येक कॅन सातपट किमतीचा, दुसऱ्या बाजूने सापडणारे कॅन कमी, आणि त्यात त्यांनी सवयीने चेपलेला कॅन मशिन घेत नाही. बारकोड आणि डिपॉझिटची खूण मशिनला वाचता यायला हवी, म्हणून डबा अखंड लागतो. आयुष्यभर त्या पायाने कॅन चेपत आल्या, कारण चेपला तर गाडीवर जास्त मावतात.

आमच्या घरी यावर जेवणाच्या टेबलावर वाद झाला. मुलगा म्हणाला, बावन्न डॉलर मला द्या, मी खाली नेऊन टाकत जाईन. नवरा म्हणाला, पोरगा काम करायला तयार आहे तर कशाला अडवतेस? मी म्हटलं, पिशवी जिन्याजवळच ठेवायची, आहे तशी. मुलाने विचारलं, मग फायदा काय आपला? मी म्हटलं, तू आंटींना मशिन कसं चालवायचं ते दाखव, तुला मँडरिन येतं, शाळेत एवढ्या वर्षांची फी भरलीय आम्ही. तो जरा कुरकुरला. वाद मिटला म्हणता येणार नाही, पिशवी मात्र जिन्याजवळ आहे.

तर आता मंडळाचा प्रश्न. माझं मत विचारलंत म्हणून सांगते. तीनशे माणसांच्या कार्यक्रमाला अडीचशे कॅन धरा. साडेतीन किलो. भंगारात साडेतीन डॉलर, डिपॉझिटने पंचवीस. धुवायला स्वयंसेवक अजिबात लावू नका, गरज नाही. दाराशी एक बादली आणि दोन मोठ्या पिशव्या ठेवा. उरलेलं पेय बादलीत ओतायचं, कॅन पिशवीत. हे काम ज्याने प्यायलं त्याने करायचं. पाच सेकंद. कागदी ताटल्या वेगळ्या करायच्या भानगडीत पडू नका. शेंगदाण्याची चटणी आणि तेल लागलेला कागद कुणी घेत नाही, तो सरळ कचऱ्यात. पैसे मंडळाच्या खात्यात जमा करायचा प्रस्तावही आला होता. पंचवीस डॉलरची नोंद करायला खजिनदारांचा जेवढा वेळ जाईल, त्यात ते दुसरं काही करू शकतील. सभागृहाची झाडलोट करणारे जे काका-मावशी असतात, कार्यक्रम संपल्यावर आपला सगळा पसारा तेच आवरतात. पिशव्या त्यांच्या हातात द्याव्यात, असं मला वाटतं. आधी त्यांना विचारून.

आणि एक. कॅन परत वितळवण्यापेक्षा तो न आणणं केव्हाही स्वस्त. गुढीपाडव्याला आपण स्टीलच्या टाकीत पन्हं केलं होतं, ते कॅनच्या आधी संपलं हे सगळ्यांनी पाहिलंय. पण पन्ह्याला पेले लागतात, पेले धुवावे लागतात. तिथे मात्र दोन खरे स्वयंसेवक लागतील. कार्यकारिणीने हात वर करायला सांगावं, मी पहिला हात माझा करते.

बाहेर चहापाण्याची सोय आहे. बादली दाराच्या उजव्या हाताला ठेवली आहे, पिशव्या तिच्याशेजारी. आणि कॅन चेपू नका.